'नागरिक' आणि 'व्यक्ती' : शरणार्थी स्त्रीच्या हक्कांचा विचार

हिवाळा सुरू झाला की नागपुरात तिबेटी विक्रेत्यांची लोकरी कपड्यांची दुकाने लागतात. स्वेटर आणि शाली मांडून बसलेल्या या विक्रेत्यांमध्ये स्त्रियाही मोठ्या संख्येने दिसतात. आपल्यापैकी अनेकांनी त्यांच्याकडून केव्हा ना केव्हा खरेदी केली असेल. परंतु या भगिनींचे कायद्याच्या दृष्टीने स्थान कोणते आणि या देशात त्यांना कोणते हक्क आहेत, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. प्रस्तुत लेखात आम्ही त्याचाच विचार करणार आहोत.

१९५९ साली परमपावन दलाई लामा आणि त्यांच्या मागोमाग हजारो तिबेटी लोक भारताच्या आश्रयाला आले. विदर्भात त्यांची नोर्ग्येलिंग ही वसाहत १९७२ साली वसली. तेव्हा तो भाग भंडारा जिल्ह्यात होता. आज तो गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ येतो. भारतात जन्मलेल्या तिबेटी मुली आज स्वतः माता झाल्या आहेत. तथापि, ज्यांना नागरिकत्व मिळालेले नाही, त्यांना या मातीत जन्मूनही परकीय म्हणून नोंदणी प्रमाणपत्र बाळगावे लागते आणि मुदत संपली की ते पुन्हा नवे करून घ्यावे लागते.

याचे कारण असे की आपल्या देशात शरणार्थींसाठी स्वतंत्र कायदा नाही. शरणार्थींविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने स्वाक्षरी केलेली नाही. त्या करारातही एक उणीव आहे. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट आणि राजकीय मत या पाच कारणांवरून होणारा छळ त्यात मानला आहे. स्त्री म्हणून होणारा छळ हे स्वतंत्र कारण त्यात नाही. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात बौद्धांचा उल्लेख आहे, म्हणून तिबेटी बौद्धांचा प्रश्न सुटला, असा काहींचा समज आहे. तो बरोबर नाही. तो कायदा अफगाणिस्तान, बांगलादेश आणि पाकिस्तान या तीन देशांतून आलेल्यांपुरता आहे.

मग या स्त्रीला आधार कशाचा? तो संविधानाचा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने मूलभूत हक्कांचे कलमवार शब्द योजताना 'नागरिक' आणि 'व्यक्ती' असा भेद ठेवला. कायद्यापुढील समानता (कलम १४), जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य (कलम २१) आणि धर्मस्वातंत्र्य (कलम २५) हे हक्क केवळ नागरिकांपुरते नाहीत. माणसांचा व्यापार आणि वेठबिगार यांना मनाई करणारे कलम २३ हेही सर्वांचे रक्षण करते. भारताच्या भूमीवर असणे एवढीच येथे अट आहे.

सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व वेळोवेळी स्पष्ट केले आहे. कप्ताई धरणामुळे विस्थापित होऊन १९६४ च्या सुमारास भारतात आलेल्या चकमा लोकांना, जे बहुसंख्येने बौद्ध आहेत, अरुणाचल प्रदेशातून हुसकावून लावण्याच्या धमक्या येऊ लागल्या. तेव्हा १९९६ साली न्यायालयाने सांगितले की नागरिक असो वा नसो, प्रत्येक माणसाच्या जीविताचे रक्षण करणे हे राज्याचे कर्तव्य आहे. पुढे २००० साली, हावडा स्थानकाच्या यात्री निवासात एका बांगलादेशी स्त्रीवर झालेल्या सामूहिक बलात्काराच्या प्रकरणात, ती परदेशी आहे हा बचाव न्यायालयाने फेटाळला आणि रेल्वेने तिला दहा लाख रुपये भरपाई द्यावी हा आदेश कायम केला.

परंतु येथेच मर्यादाही ध्यानात घ्यावी लागते. लिंग, धर्म, जात यांवरून भेदभाव करण्यास मनाई करणारे कलम १५, सरकारी नोकरीतील समान संधीचे कलम १६ आणि संचार, वास्तव्य व व्यवसाय यांचे स्वातंत्र्य देणारे कलम १९ हे नागरिकांसाठी आहेत. मतदानाचा अधिकारही नागरिकांचाच. म्हणून नागरिकत्वाचा प्रश्न हा शरणार्थी स्त्रीच्या दृष्टीने भाकरीचा प्रश्न ठरतो.

नागरिकत्वाच्या कायद्यानुसार २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ च्या आधीपर्यंत भारतात जन्मलेली व्यक्ती, मोजके अपवाद सोडले तर, जन्मानेच भारतीय नागरिक ठरते. १९८६ साली कांगडा येथे जन्मलेल्या नामग्याल डोल्कर यांना, आईवडील तिबेटी म्हणून, पारपत्र नाकारले गेले. त्यांनी न्यायालयात दाद मागितली आणि २२ डिसेंबर २०१० रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्या भारतीय नागरिक असल्याचा निर्णय दिला. ही एका स्त्रीपुरती गोष्ट नव्हती. १ जुलै १९८७ नंतर जन्मलेल्यांसाठी मातापित्यांपैकी एक नागरिक असणे आवश्यक झाले. डिसेंबर २००४ नंतर नियम आणखी कडक झाले. म्हणजे आईचे नागरिकत्व सिद्ध झाले तर मुलीचा मार्गही मोकळा होऊ शकतो.

तरीही वाट सोपी झाली नाही. २०१७ साली पारपत्रासाठी ज्या अटी पुढे आल्या, त्यांत नोंदणी प्रमाणपत्र परत करणे, तिबेटी वसाहतीत न राहणे आणि तेथील सवलती सोडणे यांचा समावेश होता. ज्या स्त्रीच्या माथी वृद्ध आईवडील आणि लहान मुले यांचा सांभाळ आहे, तिच्यासाठी वसाहत सोडणे म्हणजे अर्धे जीवन सोडणे होय. हक्क मिळविण्यासाठी घर गमवावे लागावे, हे न्यायाला धरून आहे असे आम्हांस वाटत नाही.

आपल्या समाजातील स्त्रियांचेच प्रश्न सुटलेले नसताना हा विचार कशासाठी, असे कोणी विचारील. नागरिकत्वाचा कागद हाती असूनही गावाबाहेर राहणे म्हणजे काय, हे आपण जाणतो. ज्यांच्या हाती तोही कागद नाही, त्यांची स्थिती आपल्याहून अधिक कोणाला कळावी? महाप्रजापती गौतमी शाक्य स्त्रियांसह कपिलवस्तूहून वैशालीपर्यंत पायी चालत गेल्या. सुजलेल्या, धुळीने माखलेल्या पायांनी त्या दाराबाहेर उभ्या राहिल्या. तेव्हा आनंदाने त्यांची बाजू तथागतांपुढे मांडली. दाराबाहेर उभ्या असलेल्या स्त्रीसाठी शब्द खर्च करणे ही आपल्या परंपरेतलीच गोष्ट आहे.

या संदर्भात काही गोष्टी आपल्या कार्यकर्त्यांनी जाणून घ्याव्यात. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ अन्वये कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर साहाय्य मिळू शकते. त्यासाठी नागरिकत्वाची अट नाही. घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्यातही 'कोणतीही स्त्री' असाच शब्द आहे. सहा ते चौदा वर्षे वयाच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क २००९ च्या कायद्याने दिला आहे. शरणार्थी भगिनीला हे हक्क ठाऊक नसतील, तर ते तिच्यापर्यंत पोहोचविणे आणि गरज पडल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयापर्यंत तिच्यासोबत जाणे, एवढे तरी आपण करू शकतो. बाबासाहेबांच्या संविधानातील 'व्यक्ती' हा शब्द अशा कृतीनेच प्रत्यक्षात येईल.