पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरातील नित्योपचारांची परिभाषा

देवपूजेच्या शास्त्रोक्त विधीत सोळा उपचार सांगितलेले आहेत. आवाहनाने त्यांचा आरंभ होतो व विसर्जनाने शेवट. पुरुषसूक्ताच्या १६ ऋचांशी त्यांची सांगड घालण्याची रूढी आहे. परंतु देवालयात प्रतिष्ठापना झालेल्या स्थिर मूर्तीच्या बाबतीत हे दोन टोकांचे उपचार संभवत नाहीत. जो देव तेथे नित्य उभाच आहे, त्याला बोलावणे कसले आणि निरोप कसला? ही रिकामी झालेली जागा लोकाचाराने कशी भरून काढली, हे पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरातील उपचारांच्या नावांवरून चांगले समजते.

तेथे आवाहनाच्या जागी देवाला जागे करणे आहे आणि विसर्जनाच्या जागी निजविणे. पहाटेची ती काकडआरती व रात्रीची ती शेजारती. 'काकडा' म्हणजे कापडाची पिळून केलेली जाड वात. 'शेज' हा शब्द संस्कृत 'शय्या', प्राकृत 'सेज्जा' या मार्गाने आलेला असून, तालव्य स्वरापूर्वी 'स'चा 'श' होण्याची मराठीची प्रवृत्ती त्यात स्पष्ट दिसते. 'आरती' हे रूपही 'आरात्रिक' या शब्दापासून झिजत आलेले आहे. याउलट, या दोन टोकांच्या मध्ये येणाऱ्या नित्यपूजा, महानैवेद्य व पाद्यपूजा या संज्ञा तत्सम आहेत. तिसऱ्या प्रहरी देवास नवी वस्त्रे चढवितात, त्या उपचाराला मात्र 'पोशाख' हे फारसी नाव आहे. शास्त्र, घर आणि दरबार या तिन्ही ठिकाणची भाषा अशा रीतीने एका दिवसाच्या क्रमात एकत्र नांदते. या सर्वांना मिळून 'राजोपचार' म्हणतात, ते अन्वर्थक आहे.

सेवेकऱ्यांच्या नावांतही हीच विभागणी आढळते. बडव्यांखेरीज सेवाधाऱ्यांची सात घराणी येथे होती. पुजारी प्रत्यक्ष पूजा करीत, बेणारी मंत्र म्हणत, परिचारक स्नानाचे पाणी आणीत. हरिदास पदे व आरत्या गात. डिंगरे देवास आरसा दाखवीत आणि रात्री पायघडी अंथरीत. दिवटे दिवटी धरीत व डांगे दंड घेऊन उभे राहत. मंत्राची संस्कृत वाणी एका घराण्याकडे आणि गायनाची मराठी वाणी दुसऱ्याकडे, ही वाटणी विशेष लक्षणीय होय. दिवटी, दंड आणि पायघडी यांचा संबंध तर पूजाविधीपेक्षा राजाच्या परिवाराशीच अधिक जवळचा आहे.

आषाढी व कार्तिकी यात्रांच्या काळात या क्रमाला अर्थपूर्ण खंड पडतो. भक्तांना अहोरात्र दर्शन मिळावे म्हणून देवाचा पलंग काढतात; शेजच नसल्यामुळे शेजारतीही होत नाही. यात्रा संपल्यावर प्रक्षाळपूजा होते आणि देवाचा शिणवटा जावा म्हणून त्यास काढा देतात. 'प्रक्षाल' या तत्सम शब्दातील 'ल' येथे मराठीच्या वळणाने 'ळ' झाला आहे. शास्त्रातील शब्दही मंदिरातील नित्य वापराने कसा घरचा होतो, याचे हे लहानसे परंतु बोलके उदाहरण आहे.

१९७३च्या पंढरपूर मंदिरे अधिनियमाने बडवे, सेवाधारी व उत्पात यांचे वंशपरंपरागत हक्क संपुष्टात आणले. त्यासंबंधीचा दीर्घ वाद जानेवारी २०१४ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने मिटला. उपचार पुढे चालू राहिले. परंतु ते वाटून घेणारी घराण्यांची व्यवस्था उरली नाही. त्यामुळे जे शब्द कालपर्यंत कामाची नावे होते, ते आता केवळ आडनावे म्हणून राहिले आहेत. दिवटे या आडनावावरून दिवटी अजून सुचते. डिंगरे या आडनावावरून आरसा मात्र कोणास सुचणार नाही. शब्दाचा अर्थ कोशात शोधता येतो; त्यामागील कृतीचा क्रम, तिची वेळ आणि तिचे साहित्य ही मुख्यतः ती करणाऱ्यांच्या स्मरणात असतात. ज्यांनी ही सेवा प्रत्यक्ष केली, त्यांच्या तोंडून ही परिभाषा तपशिलासह टिपून घेणे हे म्हणूनच मराठीच्या अभ्यासकांचे निकडीचे कार्य ठरते.