पगार महिन्याचा, खर्च आठवड्याचा

संसाररथाला दोन चाके असतात, असे म्हणण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. परंतु ज्या घरातील एक चाक मृत्यूने, परित्यागाने अथवा फारकतीने निखळले आहे, त्या घराचा रथही चालवावाच लागतो. घरभाडे त्यामुळे अर्धे होत नाही आणि मुलांची भूकही अर्धी होत नाही. अशा घरातील मातेपुढे, आणि काही घरांत पित्यापुढेही, दरमहा एकच प्रश्न उभा राहतो : बिले भागविल्यानंतर हाती जे उरते, त्यात पुढचा पगार येईपर्यंतचे दिवस कसे काढावयाचे? हा प्रश्न केवळ काटकसरीचा आहे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः तो पुष्कळ अंशी हिशेबाचा आहे, आणि त्या हिशेबातील एक चूक अनेक सुजाण घरांतही वर्षानुवर्षे होत राहते.

उदाहरणादाखल, जिल्ह्याच्या गावी एका खासगी रुग्णालयात मावशी म्हणून काम करणारी एक विधवा माता घेऊ. मुलगी सातवीत, मुलगा तिसरीत. मासिक पगार १४,००० रुपये. दरमहा ठरलेले खर्च असे : घरभाडे ४,५००, महिन्याचा किराणा २,६००, शाळेची रिक्षा व शिकवणी ८००, गॅसची सरासरी ७००, विजेची सरासरी ४५०, मोबाईलचा रिचार्ज २५० आणि बचत गटाची वर्गणी १००. एकूण ९,४०० रुपये. म्हणजे दूध, भाजीपाला, बसभाडे, औषधपाणी आणि मुलांच्या बारीकसारीक गरजा यांसाठी ४,६०० रुपये उरतात.

येथेच ती चूक होते. महिन्याचे आठवडे चार, असे धरून ही माता ४,६०० ला चाराने भागते आणि आठवड्याला ११५० रुपये खर्चावयास हरकत नाही, असे ठरविते. परंतु फेब्रुवारी वगळता कोणताही महिना चार आठवड्यांत संपत नाही. वर्षाचे आठवडे अठ्ठेचाळीस नसून बावन्न असतात. दर आठवड्याला ११५० रुपये खर्च केले तर वर्षाला ५९,८०० रुपये लागतील. हाती येणारे मात्र ५५,२०० च आहेत. तूट ४,६०० रुपयांची, म्हणजे बरोबर एका महिन्याच्या हातखर्चाइतकी! वर्षातून किमान चार महिने असे येतात, की ज्यांत बाजाराचा दिवस पाच वेळा येतो. त्या पाचव्या बाजाराला पैसे नसतात आणि मग वाण्याच्या वहीत उधारी चढते. आपला हात सैल आहे, असा दोष ती माता स्वतःला देत राहते. दोष हाताचा नसून भागाकाराचा असतो.

योग्य रीत अशी की, महिन्याच्या उरलेल्या रकमेला बाराने गुणावे व बावन्नाने भागावे. ४,६०० चे उत्तर १०६१ रुपये येते. आठवड्याला ८९ रुपये कमी, परंतु पाचवा आठवडा रिकामा जात नाही.

यंत्रमाग, विडी यांसारख्या ज्या धंद्यांत मजुरी आठवड्याला चुकती करण्याची रूढी आहे, तेथे हेच गणित उलट बाजूने करावयाचे असते. बिले महिन्याची आणि मजुरी आठवड्याची, म्हणून ९,४०० ला बाराने गुणून बावन्नाने भागले असता आठवड्याला २,१७० रुपये बिलांसाठी बाजूला पडले पाहिजेत, असे दिसते. बिलाचा चौथा हिस्सा म्हणून २,३५० बाजूला काढणारीही चुकत नाही. पाच मजुरींचा महिना आला की तिच्यापाशी थोडी शिल्लक पडते. मात्र ही शिल्लक अनपेक्षित लाभ समजून त्याच आठवड्यात खर्चून टाकण्याचा मोह बहुतेकांना आवरत नाही. मोबाईलच्या रिचार्जचा प्रकार याहून निराळा. त्याचा ‘महिना’ पुष्कळदा अठ्ठावीस दिवसांचा असतो. म्हणजे वर्षातून बारा नव्हे, तेरा वेळा पैसे भरावे लागतात. कंपन्यांना वर्षाचे आठवडे नीट ठाऊक आहेत, असे म्हणावयास हवे.

जूनचा डबा

१०६१ रुपये हाही अद्याप खर्चावयाचा आकडा नव्हे. वर्षातून एकदाच येणारे, परंतु न चुकता येणारे खर्च त्यातून वजा जावयाचे आहेत. जून महिन्यात गणवेष, वह्या, बूट, रेनकोट, त्यानंतर दिवाळी, उन्हाळ्यात माहेरची फेरी, आणि घरात कोणाचे तरी दुखणे. वरील मातेच्या घरी हे खर्च अनुक्रमे ३,२००, २,५००, ६०० आणि १,५०० रुपये धरले, तर बेरीज ७,८०० होते. माहेरच्या फेरीचा आकडा लहान दिसतो, कारण १७ मार्च २०२३ पासून एस.टी.च्या भाड्यात महिलांना निम्मी सवलत मिळू लागली. या ७,८०० ला बावन्नाने भागले म्हणजे आठवड्याला १५० रुपये होतात. शाळा उघडण्याच्या वेळी एकदम ३,२०० रुपये उभे करणे हे संकट असते. आठवड्याला १५० बाजूला ठेवणे ही केवळ अडचण असते. जुन्या पिढीतील गृहिणी मोहरीच्या नाहीतर कडधान्याच्या डब्यात पैसे दडवून ठेवीत, त्यामागे हेच शहाणपण होते. आज डब्याच्या जागी टपाल कार्यालयातील आवर्ती ठेवीचे खाते उघडता येते. त्याची सुरुवात दरमहा १०० रुपयांपासून होते. परंतु त्याची मुदत पाच वर्षांची असल्याने जूनचा खर्च त्यात अडकवू नये. तो साध्या बचत खात्यातच बरा.

१५० वजा जाता ९११ रुपये राहिले. त्यातील ९०० हा आठवड्याचा हातखर्च समजावा. दूध २१०, भाजी व फळे ३००, कामावर जाण्यायेण्याचे भाडे १२०, किरकोळ औषधे व साबण-तेल १००, मुलांच्या हाती ४०, असा तो वाटला गेला. उरलेल्या १३० पैकी ८० अडीअडचणीसाठी. कारण पाहुणा आठवडा पाहून येत नाही आणि गणपतीची वर्गणी मागणारे दारातून हलत नाहीत. राहिलेले ५० रुपये त्या मातेचे स्वतःचे. या शेवटच्या रकमेवर बहुतेक जणी प्रथम काट मारतात. स्वतःची चपल तुटेपर्यंत वापरणे, पित्ताची गोळी उद्यावर ढकलणे, कामावरचा चहा सोडणे, यालाच त्या काटकसर समजतात. परंतु ज्या घरात मिळविणारी एकच आहे, त्या घरात तिचे एक आजारपण म्हणजे बिनपगारी दिवस. म्हणून हे ५० रुपये चैनीच्या सदरात घालू नयेत.

आठवड्याचा आरंभ सोमवारऐवजी गावच्या बाजाराच्या दिवशी धरावा, हे अधिक सोयीचे. मोठा खर्च त्याच दिवशी होतो व राहिलेल्या रकमेत सहा दिवस जातात. ज्यांचा पगार बँकेत जमा होतो, त्यांनी बिलांचे पैसे खात्यातच राहू द्यावेत आणि बाजाराच्या दिवशी ९०० रुपये रोख काढावेत. मोबाईलवरून पैसे देण्याची सोय झाल्यापासून व्यवहार सुलभ झाला, हे खरे. पण पाकिटातील नोटा कमी होताना डोळ्यांना दिसतात, तसे खात्यातील आकड्याचे होत नाही. एखाद्या आठवड्यात खर्च वाढलाच, तर तूट पुढच्याच आठवड्यातून भरून काढावी व वहीत तशी नोंद करावी. बिलांच्या पैशाला हात लावला की तो हिशेब पुन्हा जुळत नाही. विजेच्या बाबतीत एक सावधगिरी हवी. घरगुती वीजदर टप्प्याटप्प्याने चढतात. महिन्याचा वापर शंभर युनिटांच्या पुढे गेला की पुढील युनिटांना अधिक दर पडतो. एप्रिल-मे महिन्यांत पंखा रात्रभर चालतो, त्या वेळी ४५० ची सरासरी टिकत नाही. हिवाळ्यातील बचत त्यासाठीच राखून ठेवावी.

कर्जाचा हप्ता

हा सारा मेळ मोडण्यास एक हप्ता पुरेसा असतो. दारात येऊन, तारणावाचून, गटाच्या हमीवर कर्ज देणाऱ्या संस्था आता गावोगावी पोचल्या आहेत. रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२२ पासून लागू केलेल्या नियमांनुसार, वार्षिक ३ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेले तारणविरहित कर्ज हे सूक्ष्मवित्त कर्ज समजले जाते, आणि अशा कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत. ही मर्यादा संरक्षणासाठी आहे. तथापि वरील मातेच्या बाबतीत ती ७,००० रुपये येते, आणि बिले भागवून तिच्यापाशी राहतात ४,६००. म्हणजे जो हप्ता नियमात बसतो, तो तिच्या घरात बसत नाही. ‘किती मिळेल’ असे विचारण्यापूर्वी ‘९०० मधून आठवड्याला किती देता येईल’ हे वहीत पाहावे. असे कर्ज मुदतीपूर्वी फेडल्यास दंड आकारता येत नाही, हेही लक्षात असावे. सावकाराकडे जाण्याची पाळी आलीच, तर त्याच्यापाशी परवाना आहे की नाही ते पाहावे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ अन्वये विनापरवाना सावकारी हा गुन्हा असून सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयाकडे त्याविषयी तक्रार करता येते.

त्यापेक्षा बचत गट जवळचा. २४ फेब्रुवारी १९७५ रोजी स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळाने हे गट राज्यभर रुजविण्यास मोठा हातभार लावला. गटातील अंतर्गत कर्जावर शेकडा दोन रुपये दरमहा व्याज घेतले, तर ते वर्षाला चोवीस टक्के होते. तेही थोडे नव्हे. मात्र ते व्याज गटाच्याच पेटीत परत येते, आणि हप्ता चुकला तर मुलाच्या आजारपणाची हकिकत ऐकून घेणारे कोणी तेथे असते.

शासकीय साहाय्याचा विचार करताना या मातेची स्थिती काहीशी अवघड आहे. १९८० साली सुरू झालेल्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी दीर्घकाळ वार्षिक २१,००० रुपयांची उत्पन्नमर्यादा राहिली. तिचा पगार त्याच्या आठपट. अन्नसुरक्षा कायद्याखालील प्राधान्य कुटुंबासाठी राज्यात ठरलेल्या, शहरी भागात ५९,००० व ग्रामीण भागात ४४,००० रुपयांच्या मर्यादेतही ती बसत नाही. निराधार म्हणावे एवढी ती निराधार नाही, आणि निश्चिंत तर मुळीच नाही. अशा घरांना उपयोगी पडणारी योजना म्हणजे बालसंगोपन योजना. आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावे ओळखल्या जाणाऱ्या या योजनेत एक पालक गमावलेल्या मुलांचाही विचार होतो, आणि २०२३ मध्ये तिचे अनुदान प्रत्येक मुलामागे दरमहा १,१०० वरून २,२५० रुपये करण्यात आले. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात करावयाचा असतो व मंजुरी बाल कल्याण समिती देते. घटस्फोटित व परित्यक्ता भगिनींना मुलांच्या पोटगीसाठी १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली अर्ज करता येतो. पूर्वीचे कलम १२५ ते हेच.

अनुदान असो वा पोटगी, ती ठरलेल्या तारखेस येईलच असे गृहीत धरून आठवड्याचा खर्च वाढवू नये. असे पैसे कधी तीन-तीन महिन्यांचे एकदम जमा होतात, तर कधी मध्ये खंड पडतो. ते आले की प्रथम जूनच्या डब्यात टाकावेत. डबा भरला म्हणजे आठवड्याचे १५० रुपये मोकळे होतात, आणि तेवढ्यात सातवीतल्या मुलीला घरी रोज आणखी एक पेला दूध मिळू शकते.