‘विषण्ण’ शब्दाचें मूळ

गेल्या श्रावणांत आमचा एक पुतण्या गिरगांवांतील आमच्या चाळीच्या गॅलरींत दिवसचे दिवस कठड्याशीं बसून असे. नोकरी सुटलेली, अन्नावर वासना नाहीं. कोणी म्हणालें, ‘विषण्ण झाला आहे.’ त्यावर आमच्या थोरल्या वहिनी म्हणाल्या, ‘विषण्णच तो, मनांत विष भरलें आहे, म्हणून आपल्याशीं बोलत नाहीं.’ झालें! घरांतील मंडळी त्याच्याशीं दुरून, जपून वागूं लागली.

वास्तविक विषण्ण शब्दाचा विषाशीं काडीचाही संबंध नाहीं. मूळ धातु ‘सद्’. त्याचा अर्थ बसणें, खचणें. त्यास ‘वि’ हा उपसर्ग लागला कीं त्यांतील इकारामुळें ‘स’ चा ‘ष’ होतो, आणि त्या ‘ष’ मुळें पुढील ‘न’ चा ‘ण’. (‘विषन्न’ लिहिणारांच्या वह्या आम्हीं जन्मभर तांबड्या केल्या!) विषाद हा त्याचाच सख्खा भाऊ. भगवद्गीतेचा पहिला अध्याय अर्जुनविषादयोग. त्याच्या अखेरीस अर्जुन धनुष्यबाण टाकून रथांत खरोखरच खालीं बसतो. त्याच्या मनांत कोणाविषयीं विष नव्हतें. गात्रें गळालीं होतीं.

‘उदास’ हें कुळ निराळें. ‘आस्’ म्हणजेही बसणेंच. पण ‘उद्’ लागल्यानें तें अलिप्तपणें बसणें झालें. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांतील उदासीन राजा दुःखी नसतो. तो बलवान् आणि भांडणाच्या बाहेर असतो. गीतेच्या १२ व्या अध्यायांत तर उदासीन असणें हा भक्ताचा गुण सांगितला आहे. मराठींत मात्र उदास म्हणजे दुःखी आणि उदासीन म्हणजे बेफिकीर असा अर्थ रूढ झाला. याच बेफिकीर अर्थानें त्या मुलास ‘उदासीन’ म्हणून आम्हीं स्वतःच पूर्वीं दोनदां टोचलें होतें, हें कबूल केलें पाहिजे.

याहून मौजेची गोष्ट ही कीं, ‘प्रसन्न’ शब्दही ‘सद्’ धातूचाच. ‘प्र’ मध्यें इकार नाहीं, म्हणून ‘स’ तसाच राहिला. गढूळ पाणी स्थिर राहून गाळ तळीं बसला म्हणजे निवळलेल्या त्या पाण्यास संस्कृतांत प्रसन्न म्हणतात. देवाचा प्रसाद त्याच घरचा.

हें सारें आम्हीं वहिनींस सांगितलें. त्या कांहीं बोलल्या नाहींत. सायंकाळीं चहाचा पेला घेऊन गॅलरींत गेल्या आणि त्याच्या शेजारीं बसल्या. दिवे लागले तरी उठल्या नाहींत. दुसऱ्या दिवशीं त्यास डॉक्टरांकडे नेलें, तेव्हां बरोबर त्याच गेल्या.