फरकाला नवाने भागून पाहा

२०२५ च्या फेब्रुवारीत लंडनच्या ‘फायनान्शियल टाइम्स’ने एक बातमी छापली आणि ती वाचताना मला सकाळच्या चहाचा ठसका लागला. अमेरिकेतल्या सिटी बँकेला एका खातेदाराच्या खात्यात २८० डॉलर जमा करायचे होते. तिने ८१ ट्रिलियन डॉलर जमा केले. ट्रिलियन म्हणजे एकावर बारा शून्ये, आपल्या भाषेत लाख कोटी. भारत देश वर्षभर राबून जेवढे कमावतो, त्याच्या सुमारे वीसपट रक्कम एका माणसाच्या खात्यात! मी बातमी मोठ्याने वाचून दाखवली. बँकवाल्याशी इतकी वर्षे संसार केलेली बायको शांतपणे म्हणाली, “एका दिवसाचं व्याज किती झालं असेल हो?”

व्याज झाले नाही. नोंद झाल्यावर दीड तासाने एका तिसऱ्याच कर्मचाऱ्याच्या ते लक्षात आले आणि काही तासांत ती उलटवली गेली. एक पैसाही बँकेबाहेर गेला नाही. हा प्रकार २०२४ च्या एप्रिलमधला. गंमत अशी की, ज्या पडद्यावर रक्कम भरायची होती, तिथल्या रकान्यात पंधरा शून्ये आधीच मांडून ठेवलेली होती. ती पुसायची आणि मग आपला आकडा लिहायचा. लिहिणाऱ्याने ती पुसली नाहीत आणि तपासणाऱ्याला ती दिसली नाहीत. कोरा चेक आम्ही पाहिला होता. पंधरा शून्यांसकट तयार असलेला रकाना मात्र मी आयुष्यात प्रथमच ऐकला.

वाचकहो, मी कादंबऱ्या लिहितो हे खरे, पण पोट बँकेने भरले. १९८२ साली एका तालुक्याच्या गावी कारकून म्हणून चिकटलो. त्या काळी शाखेत खतावण्यांच्या भल्यामोठ्या चोपड्या असत. कारकुनाने नोंद करायची आणि अधिकाऱ्याने व्हाउचरशी ताडून शेजारी छोटी सही करायची. ‘लिहिणारा एक, तपासणारा दुसरा’ हा आमचा धर्म होता. आता त्याला ‘मेकर-चेकर’ म्हणतात. संध्याकाळी दहा पैशांचा फरक राहिला, तर सगळी शाखा तो शोधत बसे. बाहेर रिकाम्या एस.टी. निघून जात. एकदा मी वैतागून म्हणालो, “साहेब, माझ्या खिशातले दहा पैसे घ्या आणि घरी सोडा.” आमचे हेड क्लार्क चष्म्यावरून बघत म्हणाले, “दहा पैशांचा फरक हा हजार रुपये इकडे आणि नऊशे नव्व्याण्णव रुपये नव्वद पैसे तिकडे असा असू शकतो, चिरंजीव. बसा.”

त्याच हेड क्लार्कनी मला एक मंत्र दिला. फरक आला की आधी त्याला नवाने भागून पाहायचे. नि:शेष भाग गेला, तर बहुतेक वेळा कुणीतरी आकड्यांची उलटापालट केलेली असते, म्हणजे ५४ चे ४५. नाहीतर एखादे शून्य गळालेले किंवा चिकटलेले असते. यात चमत्कार काही नाही, साधे गणित आहे. पण रात्री नऊ वाजता तो चमत्कारच वाटे. हा मंत्र लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग कॉम्प्युटर आला. १९८३ साली बँकांचे व्यवस्थापन आणि कर्मचारी संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार झाला आणि १९८४ मध्ये डॉ. सी. रंगराजन समितीचा अहवाल आला. आम्ही संघटनेचे बिल्ले लावून घसा कोरडा होईपर्यंत घोषणा दिल्या. खरे सांगतो, घोषणा देतानाही मनात गुदगुल्या होत होत्या. कारण बचत खात्याचे व्याज म्हणजे दर महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंतची किमान शिल्लक शोधायची, तिची सहामाही बेरीज करायची आणि मग व्याज काढायचे. हे हजारो खात्यांसाठी, हाताने! ते काम कुणी लोखंडी डबा करणार असेल, तर त्याला हार घालायला मी तयार होतो. तेव्हा हा लेख ‘पूर्वीचे दिवस फार छान होते’ छापाचा नाही. पूर्वीचे दिवस बोटे दुखवणारे होते.

मुद्दा वेगळा आहे. पूर्वी चुकीला हस्ताक्षर असे. सात कुणी खोडले, सही कुणाची, शाई कोणती, सगळे दिसे. आता चूक ‘सिस्टीम’ करते आणि सिस्टीमला हस्ताक्षर नसते.

याच सिटी बँकेची आणखी एक कथा आहे. ऑगस्ट २०२० मध्ये रेव्हलॉन या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीच्या वतीने धनकोंना सुमारे ७८ लाख डॉलर व्याज पाठवायचे होते. प्रत्यक्षात गेले जवळजवळ ९० कोटी डॉलर, म्हणजे सगळे मुद्दलच! पडद्यावर तीन चौकोन होते आणि तिन्हींत खूण करणे आवश्यक होते. केली एकाच चौकोनात. तिथे तर तीन माणसांची, म्हणजे सहा डोळ्यांची तपासणी होती. तिघांनीही ‘ठीक’ म्हटले. पहिले दोघे भारतात बसलेले होते आणि ज्या प्रणालीवर हे घडले, ती ‘फ्लेक्सक्यूब’ही मूळची आपल्या देशात जन्मलेली. अभिमान वाटावा की शरम, हे मला अजून ठरवता आलेले नाही. काही धनकोंनी पैसे परत केले, पण सुमारे ५० कोटी डॉलर दाबून बसलेले धनको २०२१ मध्ये खालच्या कोर्टात जिंकलेसुद्धा. वरच्या कोर्टाने तो निकाल फिरवला २०२२ च्या सप्टेंबरात. दोन वर्षे, दोन कोर्टे आणि दोन राहिलेल्या खुणा!

यातून कुणी म्हणेल, ‘माणूस चुकला, यंत्र नाही.’ मग १९ जुलै २०२४ आठवा. क्राउडस्ट्राइक या कंपनीने संगणकांच्या राखणीसाठी एक छोटी फाइल जगभर पाठवली. तिच्यात एकवीस रकान्यांचा हिशेब होता आणि ती वाचणारा प्रोग्रॅम वीसच रकाने घेऊन बसला होता. एकविसावा शोधायला तो नको तिथे डोकावला आणि बेशुद्ध पडला. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख संगणक निळे पडले. ही संख्या जगातल्या विंडोज यंत्रांच्या एक टक्क्याहूनही कमी, पण विमाने थांबली आणि इस्पितळे अडली. आपल्याकडे विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. तो फोटो पाहून मला गहिवरून आले. निळ्या शाईतले ते वळणदार अक्षर! चोराच्या भीतीने नेमलेला रखवालदारच दारात आडवा पडला आणि घर उघडायला शेवटी बॉलपेन धावून आले.

इथवर हसून झाले. आता न हसण्याची गोष्ट.

ब्रिटनच्या पोस्ट खात्याने १९९९ पासून ‘होरायझन’ नावाची संगणक प्रणाली आणली. ती फुजित्सु कंपनीची. गावोगावची छोटी पोस्ट ऑफिसे तिथे खाजगी माणसे चालवतात, त्यांना सबपोस्टमास्टर म्हणतात. बहुतेकांचे किराणा-स्टेशनरीचे दुकान आणि त्यातच पोस्टाचे काउंटर. त्यांत भारतीय वंशाची मंडळीही बरीच. संध्याकाळी हिशेब जुळेना. पडदा म्हणे हजार पौंड कमी, पुढच्या आठवड्यात दोन हजार कमी. करारात लिहिलेले होते की तूट तुम्ही भरा. लोकांनी साठवलेले पैसे ओतले, नातेवाइकांकडून कर्जे काढली. मदतीसाठी फोन केला, तर अनेकांना सांगितले गेले, ‘असा त्रास फक्त तुम्हालाच होतो आहे.’ आणि १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक माणसांना चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा गुन्ह्यांखाली दोषी ठरवले गेले. काही तुरुंगात गेली, काहींचे दिवाळे निघाले. सार्वजनिक चौकशीच्या जुलै २०२५ मधल्या अहवालात, किमान तेरा आत्महत्यांचा या प्रकरणाशी संबंध असण्याची शक्यता नोंदली आहे.

चोर कुणीच नव्हते. प्रणालीतच दोष होते. फुजित्सुच्या माणसांना दुरून एखाद्या शाखेच्या हिशेबात बदल करता येत होता आणि पोस्ट खाते ते बरीच वर्षे नाकारत राहिले. अॅलन बेट्स नावाच्या सबपोस्टमास्टरने वीस वर्षे चिकाटी धरली, तेव्हा डिसेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने प्रणाली सदोष असल्याचे म्हटले. पुढे जानेवारी २०२४ मध्ये टीव्हीवर मालिका आली, देश खवळला आणि मे महिन्यात संसदेने कायदा करून शेकडो शिक्षा एकदम पुसल्या.

आणि कायद्याची खोच पाहा. ब्रिटनमध्ये पूर्वी नियम होता की, संगणकाचा कागद पुराव्यात आणायचा तर संगणक नीट चालत होता हे आधी दाखवा. १९९९ च्या कायद्याने तो नियम काढून टाकला. तेव्हापासून संगणक बरोबरच चालतो असे गृहीत धरले जाऊ लागले. चुकला म्हणत असाल तर तुम्ही सिद्ध करा. ज्याच्यापाशी त्या प्रणालीची किल्ली नाही, त्याने तिच्या पोटातला दोष शोधून आणायचा!

ब्रिटिशांना नावे ठेवणे सोपे आहे. पण तो अहवाल वाचताना मला रात्री झोप आली नाही, त्याचे कारण ब्रिटनमध्ये नाही.

२००५ च्या सुमारास मी एका गावी शाखाधिकारी होतो. जुन्या नोंदी नव्या केंद्रीय प्रणालीत चढवायच्या होत्या. कंत्राटदाराची कोवळी पोरे रात्र-रात्र आकडे भरत. वरून रोज फोन, ‘शाखा कधी लाइव्ह करता?’ शेवटी बचत खात्यांच्या बेरजेत १६,५०६ रुपयांचा फरक राहिला. तो तात्पुरता एका समायोजन खात्यात टाकला, शंभरेक पानांच्या प्रिंटआउटवर ‘तपासले, बरोबर’ अशा सह्या मीच ठोकल्या आणि पेढे वाटले.

तीन महिन्यांनी एक म्हातारी आली. नवरा प्राथमिक शिक्षक होता, वारलेला. हातात जुने, हाताने भरलेले पासबुक. त्यात शिल्लक १८,३४० आणि आमच्या पडद्यावर १,८३४. मी समजुतीच्या सुरात सांगितले, “आजी, मधे कधीतरी पैसे काढले असतील, विसरला असाल. कॉम्प्युटर चुकत नाही, माणूस विसरतो.” ती गेली. आठवड्याने पुन्हा आली, मी पुन्हा तेच सांगितले. मुलाने काढले का, तेही विचारले. तिसऱ्या खेपेस ती रडली नाही, भांडली नाही. पडद्याकडे बोट करून तिने फक्त विचारले, “साहेब, याला कुणी सांगितलं?”

उत्तर माझ्याजवळ नव्हते. त्या संध्याकाळी मी रेकॉर्ड रूममध्ये जाऊन जुनी खतावणी काढली. धूळ झटकली. १८,३४०, निळ्या शाईत, शेजारी तपासणाऱ्याची सही. कंत्राटी पोराच्या बोटाखालून शेवटचे शून्य निसटले होते. १८,३४० वजा १,८३४ किती? १६,५०६. तोच फरक! तीन महिने तो माझ्या टेबलावर पडून होता. नवाने भागला असता, तर नि:शेष भाग गेला असता, १,८३४ उत्तर आले असते आणि उत्तरच खातेदाराचे नाव सांगून गेले असते. पण कॉम्प्युटर आल्यापासून मी नवाने भागणे सोडले होते.

पैसे दुसऱ्या दिवशी व्याजासह जमा केले. मी माफी मागितली. ती म्हणाली, “असू द्या. पण माझ्या लेकाला मी दोन महिने बोलले नाही.” ही रक्कम कुठल्या खात्यातून उलटवायची, ते मला आजही सांगता येत नाही.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेचे दिवस आहेत. एअर कॅनडाच्या बोलक्या संगणकाने आजीच्या निधनानंतर प्रवास करणाऱ्या एका नातवाला सवलतीचा चुकीचा नियम सांगितला. प्रकरण लवादापुढे गेले, तेव्हा कंपनीने म्हटले की, तो संगणक स्वतःच्या कृतीला स्वतः जबाबदार आहे! फेब्रुवारी २०२४ मध्ये लवादाने हे मानले नाही आणि कंपनीला भरपाई द्यायला लावली. आमच्या शाखेतल्या शिपायाने खातेदाराला काही चुकीचे सांगितले, तर साहेबाला ओशाळे व्हावे लागे. ‘शिपाई स्वतंत्र आहे’ असे म्हणायची हिंमत आमच्यात नव्हती. तंत्रज्ञानाने केवढी प्रगती केली पाहा!

माझी मागणी छोटी आहे. यंत्रे हवीत, अगदी हवीत. पण प्रत्येक पडद्यामागे एका माणसाचे नाव असावे आणि ‘याला कुणी सांगितलं?’ या प्रश्नाला त्याने उत्तर द्यावे. आणि समोरच्या माणसाचे व पडद्याचे जुळत नसेल, तेव्हा आधी माणसाला खुर्ची द्यावी.

परवाच माझ्या पेन्शनच्या बँकेत गेलो होतो. काउंटरवरची मुलगी गोड हसून म्हणाली, “काका, सिस्टीममध्ये तुमचा हयातीचा दाखला दिसत नाहीये.” मी तिच्यासमोर जिवंत उभा होतो. ती माझ्याकडे पाहत होती, पडद्याकडे पाहत होती आणि तिचा विश्वास पडद्यावर जास्त होता. मी काही बोललो नाही. तिच्या जागी मी वीस वर्षांपूर्वी बसलेलो होतो. तेवढ्यात तीच उठली, खुर्ची पुढे सरकवून म्हणाली, “बसा काका, मी फाइल शोधते.”

मी बसलो. मला वाटते, ती नवाने भागायला शिकेल.