कॉम्प्युटरवरची सनई पिपाणीसारखी वाजते? नवीन मशीन घेण्याआधी हे करून बघा

गावोगावी आता भजनी मंडळातली, बँडमधली पोरं घरच्या कॉम्प्युटरला कीबोर्ड जोडून तालीम करतात. तक्रार मात्र सगळ्यांची एकच, आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो. आमच्या पुतण्याचंही हेच झालं. दुकानात विचारलं तर उत्तर मिळालं, "कॉम्प्युटर जुना झाला, बदलून टाका." सोयाबीनचे पैसे नुकतेच हातात आलेले, देणारच होतो. थांबलो ते बरं झालं. दोष मशीनचा नव्हताच.

मिडीत आवाज नसतोच

मिडीच्या फाइलमध्ये फक्त सूचना असतात. कोणतं वाद्य, कोणता स्वर, किती जोरात, किती वेळ. कीबोर्ड आणि कॉम्प्युटरची ही बोली १९८३ साली ठरली. पुढे १९९१ मध्ये १२८ वाद्यांची 'जनरल मिडी' ही यादी ठरली. त्यात सतार १०५ नंबरला आहे, सनई ११२ ला.

खरा आवाज देते ती कॉम्प्युटरमधली साउंड बँक, म्हणजे वाद्यांच्या आवाजांचा साठा. पाभर तीच राहते, बियाणं बदललं की पीक बदलतं, तसंच हे. विंडोजमध्ये आधीपासून असलेली बँक साडेतीन एमबीच्याही आत आहे. सगळी वाद्यं आणि वर ड्रम एवढ्याशा जागेत कोंबलेत. मग सनईची पिपाणी होणारच.

काय करायचं?

१) चांगली बँक घ्या. या बँकांना साउंडफॉन्ट म्हणतात, फाइलच्या नावाशेवटी 'एसएफ२' असतं. 'जनरलयूजर जीएस' साधारण ३० एमबीची आहे, 'फ्लुइड आर३' १४० एमबीच्या आसपास. दोन्ही फुकट मिळतात. बँक मेमरीत चढते, म्हणून जुन्या मशीनवर लहानच घ्या. उतरवलेली फाइल 'ईएक्सई' निघाली तर उघडू नका. बँकेला तसली फाइल लागत नाही, त्यात व्हायरस असू शकतो.

२) बँक वाजवणारा प्रोग्राम टाका. नुसती मिडी फाइल ऐकायची असेल तर 'व्हर्च्युअल मिडी सिंथ' पुरतो. त्यात बँक जोडायची आणि गाणं वाजवणाऱ्या प्लेअरच्या सेटिंगमध्ये तोच निवडायचा. कीबोर्डवर हाताने वाजवायचं असेल तर 'एलएमएमएस' घ्या. त्यातल्या 'एसएफ२ प्लेअर'मध्ये बँक उघडा आणि त्या ट्रॅकच्या मिडी इनपुटमध्ये आपला कीबोर्ड निवडा. हे दोन्ही प्रोग्राम फुकट आहेत.

३) उशीर कमी करा. पट्टी दाबली आणि सूर मागून आला तर तालाचा बट्ट्याबोळ होतो. ऑडिओ सेटिंगमध्ये 'बफर साइज' असते, ती ५१२ च्या आसपास ठेवा. उशीर साधारण १२ मिलिसेकंदांवर येतो. म्हणजे तेरा-चौदा फुटांवरच्या टाळकऱ्याचा टाळ आपल्या कानापर्यंत यायला लागतो तेवढाच वेळ. बफर आणखी कमी केल्यावर आवाज चिरकायला लागला तर थोडा वाढवा.

४) जोर बदलता ठेवा. प्रत्येक स्वराचा जोर १ ते १२७ मध्ये मोजतात. माउसने स्वर टाकले की बहुतेक वेळा सगळे एकाच जोराचे पडतात, आणि गाणं मशीननं म्हटल्यासारखं वाटतं. समेवरचा स्वर जरा वर ठेवा, मधले थोडे खाली.

५) स्पीकर बघा. लॅपटॉपच्या बारक्या स्पीकरमधून ढोल कितीही चांगला असला तरी ठक-ठकच वाजणार. हेडफोन लावा किंवा मंडळाच्या अॅम्प्लिफायरला वायर जोडा. वायर जोडताना आवाज शून्यावर ठेवा. मंडपात मुळातच आवाज घुमतो, तिथे 'रिव्हर्ब' कमी करा.

मोबाइल असेल तर?

घरी कॉम्प्युटर नसला तरी चालतं. यूएसबीचा कीबोर्ड बऱ्याच अँड्रॉइड फोनला ओटीजी जोडणीने लागतो. एसएफ२ उघडणारी अॅपही मिळतात.

एक गोष्ट आधीच सांगतो

त्या १२८ च्या यादीत आपली पेटी नाही, तबला नाही, ढोलकीही नाही. पेटीच्या जवळचा आवाज २१ नंबरचा 'रीड ऑर्गन'. तबला-पेटीच्या वेगळ्या बँका शोधल्या तर सापडतात, पण सगळ्याच चांगल्या नसतात. दोन-तीन ऐकून, कानाला पटेल ती ठेवा.

आमच्याकडे हे सगळं एका संध्याकाळी झालं, खर्च आला तो मोबाइलच्या डेटाचा. दुसऱ्या दिवशी मंडळातल्या जुन्या पेटीवाल्या बाबांना बोलावून ऐकवलं. डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "पेटी ती पेटीच रे. पण पोरांच्या तालमीला हे चालतंय." आमचा कॉम्प्युटर अजून तोच आहे. सोयाबीनच्या पैशात रब्बीचं बियाणं आलं.