काखेकडे जाणारी वाट

मे महिन्यात चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात तेंदूचा हंगाम ऐन भरात असतो. भल्या पहाटे पाने तोडायची, घरी आणून 70 पानांचा एकेक पुडा बांधायचा, उन्हे कलली की संकलन केंद्रावर मोजून द्यायचा. राबतो तो हात, आणि काटाही त्यालाच रुततो. करंगळीत मोडलेल्या काट्याकडे दोन दिवस दुर्लक्ष झाले, तर कधी कोपराच्या जरा वर, आतल्या बाजूला, हरभऱ्याएवढी दुखरी गाठ लागते. तोच काटा तर्जनीत गेला असता, तर कोपर बहुधा सुटले असते आणि अवधाण थेट काखेत आले असते.

काट्यातले जंतू वाट निवडत नाहीत, वाट आधीपासून आखलेली असते. हातात अशा तीन व्यवस्था आहेत. दंडाच्या आतून मुख्य धमनी खाली येते. कोपराशी तिचे दोन फाटे होतात: एक अंगठ्याकडच्या मनगटात, जिथे वैद्य नाडी पाहतो, दुसरा करंगळीकडे. दोघे तळहातात कमानी करून पुन्हा भेटतात, म्हणून एक दाबला तरी बोटे सहसा उपाशी राहत नाहीत. परतीचे रक्त शिरांतून येते. कोपराच्या खळगीतली ठसठशीत शीर आपण रक्ततपासणीसाठी पुढे करतो. तिच्या खालूनच ती धमनी धडधडत जाते, दोघींच्या मध्ये दंडाच्या स्नायूच्या कंडरेपासून पसरलेला एक चिवट पडदा असतो.

विल्यम हार्वेने 1628 मध्ये रक्ताभिसरण सिद्ध केले ते याच हातावर. दंडाला पट्टी आवळली की शिरा फुगतात आणि त्यांच्या झडपांच्या जागी लहान गाठी दिसतात. त्या शिरेतले रक्त बोटाने हाताच्या पंज्याकडे ढकलून पाहा, जात नाही. हा प्रयोग घरी एका मिनिटात होतो.

तिसरी व्यवस्था मात्र दिसत नाही. केशवाहिन्यांतून पाझरलेले पाणी बहुतेक रक्तात परत जाते, उरलेले पाणी, प्रथिने आणि केरकचरा लसिकावाहिन्या उचलतात. टॉमस बार्थोलिनने त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले ते 1653 मध्ये, हार्वेनंतर पंचवीस वर्षांनी. शरीररचनेच्या पुस्तकांत आजही धमन्यांना पानेच्या पाने मिळतात आणि लसिकेला शेवटचा परिच्छेद. जंगलातल्या माणसाच्या दृष्टीने हा हिशेब उलटा हवा होता, असे मला वाटते.

लसिकेमागे हृदयाचा जोर नाही. वाहिन्यांच्या भिंती स्वतः हळूहळू आकुंचन पावतात, शेजारचे स्नायू हलले की दाब मिळतो, आणि झडपा तिला मागे येऊ देत नाहीत. करंगळीकडच्या वाहिन्या कोपराजवळच्या ग्रंथींतून जातात, अंगठ्याकडच्या त्यांना वळसा घालून वर चढतात. सगळ्यांचा मुक्काम काखेत, जिथे वीस-तीस ग्रंथी जंतू अडवून बसलेल्या असतात. पुढे डाव्या हाताची लसिका छातीतल्या मोठ्या नळीच्या तोंडाशी मिळते, उजव्या हाताला जेमतेम सेंटीमीटरभराची वेगळी नळी. दोन्ही मानेच्या बुडाशी शिरांत रिकाम्या होतात.

आता साप. घोणस, नाग किंवा फुरसे हाताला चावले की पहिली धावाधाव दोरीसाठी होते. हेतू विष वर चढू नये हा. पण विषातले मोठे प्रथिनरेणू मुख्यतः लसिकेच्या वाटेने सरकतात, आणि घट्ट गाठ धमनीही बंद करते. घोणशीच्या विषाने आधीच कुजू लागलेल्या हाताचे रक्त तुटते आणि गाठ सोडली की साचलेले विष एकदम अंगात जाते. भारतातले उपचाराचे निर्देश म्हणूनच गाठ बांधू नका, कापू नका, चोखू नका असे सांगतात. स्नायू हलला की लसिका पळते. म्हणून हात काठीला सैलसर बांधून स्थिर ठेवायचा, अंगठी, कडे, बांगड्या सूज चढण्याआधीच काढायच्या आणि प्रतिविष असलेला दवाखाना गाठायचा. गडचिरोलीत हा शेवटचा भाग सर्वांत कठीण. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडची वाटच बुडते.

लसिकेच्या वाटेवर ठाण मांडून बसणारा पाहुणा म्हणजे हत्तीरोगाचा कृमी. पूर्व विदर्भाचे जिल्हे या रोगाचे जुने घर. गढूळ, साचलेल्या पाण्यातला क्युलेक्स डास त्याला आणतो. आठ-दहा सेंटीमीटरची मादी लसिकावाहिनीत वर्षानुवर्षे जगते आणि तिची सूक्ष्म पिल्ले रक्तात उतरतात. दिवसा ती फुप्फुसांच्या वाहिन्यांत दडतात, रात्री डास चावण्याच्या वेळेला त्वचेजवळ येतात. म्हणून आरोग्य कर्मचारी रात्री आठनंतर गावात फिरून बोटातून रक्त घेतात, बहुधा डाव्या अनामिकेतून. अंगठा आणि करंगळी टाळण्यालाही कारण आहे: त्यांच्या कंडरांचे वेष्टन सहसा मनगटापर्यंत जाते, त्यामुळे तिथे जंतू शिरला तर तो लांब पसरू शकतो.

सामुदायिक औषधोपचारात डीईसी आणि अल्बेंडाझोल देतात. आयव्हरमेक्टिन जोडून तीन औषधे एकत्र देण्याचा प्रयोग देशात ज्या मोजक्या जिल्ह्यांत आधी झाला, त्यांत 2019 मध्ये नागपूर होते. गोळ्यांनी रक्तातली पिल्ले मरतात, पण एकदा रुंदावलेली, झडपा बिघडलेली वाहिनी मूळपदावर येत नाही. लोक याला पायाचा रोग समजतात, कारण सुजतात ते बहुधा पाय: तिथून लसिकेला सर्वांत लांब चढ असतो. पण हातही सुजतो आणि बोटांच्या बेचक्यांतल्या भेगांतून जंतू आत गेला की थंडीतापाचा झटका येतो. प्रत्येक झटका आणखी काही वाहिन्या बुजवतो. त्यावर उपाय साधा आहे: साबणाने धुणे, बेचक्या टिपून कोरड्या ठेवणे, झोपताना हात उशीवर उंच घेणे. साधा, पण चंद्रपूरच्या नागभीड-सिंदेवाहीकडे भाताची रोवणी जुलैत असते, आणि सुजलेल्या हाताची बाई तेव्हा दिवसभर चिखलात असते.