हिवाळी पाहुणे आणि त्यांचा अदृश्य सोबती

दसरा-दिवाळीच्या सुमारास पावसाळा पुरता सरतो, माळावरचे गवत पिवळे पडू लागते आणि पहाटेच्या गारव्यात पांघरूण अंगावर ओढून घ्यावेसे वाटते. याच दिवसांत आपल्या जलाशयांवर दूरदेशीचे पाहुणे उतरू लागतात. हिंजवडी म्हटले, की आज उंच इमारती, संगणकाच्या कंपन्या आणि वाहनांच्या लांबच लांब रांगा डोळ्यांपुढे उभ्या राहतात. परंतु याच परिसरातून मुळा नदी वाहते. थोड्या अंतरावर पाषाणचा तलाव आहे. आणि पुण्याहून सुमारे १०० किलोमीटरवर, भिगवणजवळ, उजनी धरणाचे विस्तीर्ण पाणी पसरलेले आहे. अशा पाण्यांवर हिवाळ्यात चक्रवाक, थापट्या, तलवार बदक इत्यादी पक्षी येतात. भिगवणला येणारा पट्टकादंब तर मोठा धाडसी प्रवासी! त्याच्या पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असतात. तिबेट, मंगोलिया या प्रदेशांतील सरोवरांकाठी तो घरटी करतो आणि थंडी पडू लागली, की प्रत्यक्ष हिमालय ओलांडून आपल्याकडे येतो.

मुलांनो, या पाहुण्यांबरोबर कधी कधी डोळ्यांना न दिसणारा एक सोबतीही प्रवास करीत असतो. तो म्हणजे ‘बर्ड फ्लू’ या रोगाचा विषाणू. रानबदकांचा आणि या विषाणूचा सहवास फार जुना आहे. तो त्यांच्या आतड्यांत वाढतो आणि विष्ठेवाटे पाण्यात उतरतो. त्याच पाण्यात दुसरी बदके चोच बुडवितात व त्यांनाही त्याची लागण होते. त्याच्या बहुतेक प्रकारांनी बदक आजारी पडत नाही; ते नेहमीसारखेच पोहते, चरते आणि उडते.

या विषाणूच्या फैलावालाही ऋतुचक्र असते. उन्हाळ्यात उत्तरेकडील प्रदेशांत पक्ष्यांची वीण होते. उन्हाळा संपत आला, की प्रवासाला निघण्यापूर्वी त्यांचे मोठमोठे थवे एकत्र जमतात. त्यांत त्याच वर्षी जन्मलेली असंख्य पिले असतात. त्यांच्या शरीरांची या विषाणूशी पूर्वी कधी गाठ पडलेली नसते. जून महिन्यात शाळा उघडली, म्हणजे एका मुलाची सर्दी पाहता पाहता साऱ्या वर्गाला होते ना? तसाच हा प्रकार. म्हणून उन्हाळ्याच्या अखेरीस आणि शरद ऋतूत रानबदकांमध्ये लागण सर्वाधिक आढळते. पुढे पिलांच्या अंगी प्रतिकारशक्ती येते आणि थवे दक्षिणेकडे सरकतात, तसतसे लागणीचे प्रमाण उतरत जाते. मात्र ते अगदी नाहीसे होत नाही. थंड पाण्यात हा विषाणू कित्येक आठवडे टिकाव धरतो. उन्हाने तापलेल्या पाण्यात तो लवकर नष्ट होतो. त्यामुळे हिवाळ्यात जेथे पुष्कळ पक्षी एकाच पाण्यावर दाटीने राहतात, तेथे त्याचे फेरे चालूच राहतात. वसंतात थवे पुन्हा उत्तरेस निघतात आणि हे चक्र नव्याने सुरू होते.

मग हा सोबती घातक केव्हा होतो? तो कोंबड्यांच्या खुराड्यात शिरला म्हणजे! तेथे हजारो पक्षी एकमेकांना खेटून वाढविलेले असतात. अशा गर्दीत एकाकडून दुसऱ्याकडे जाता जाता विषाणूचे काही प्रकार पालटतात आणि अतिशय मारक बनतात. १९९६ साली चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातील पाळीव हंसांमध्ये ‘एच५एन१’ नावाचा असा मारक विषाणू सापडला. पुढे तो उलट वाटेने रानपक्ष्यांत शिरला आणि २००५ साली चीनमधीलच चिंगहाई सरोवरावर हजारो पक्षी त्याने मृत्युमुखी पडले. मरणाऱ्यांत पट्टकादंबच बहुसंख्य होते. म्हणजे पाहुण्यांनी आपल्याला रोग दिला, एवढेच अर्धे सत्य आहे. माणसाच्या खुराड्यांतून तो पाहुण्यांनाही मिळाला, हे उरलेले अर्धे सत्य होय.

आपल्या देशात हा रोग प्रथम आढळला, तो महाराष्ट्रातच. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे कोंबड्या धडाधड मरू लागल्या. भोपाळच्या प्रयोगशाळेत नमुन्यांची तपासणी होऊन रोगाचे नाव निश्चित झाले. साथ पसरू नये म्हणून लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. ज्यांनी काडी काडी जमवून तो व्यवसाय उभा केला होता, त्यांची खुराडी चार दिवसांत ओस पडली. त्यानंतर डिसेंबर २०२० ते जानेवारी २०२१ या काळात हिमाचल प्रदेशातील पाँग धरणावर हजारो स्थलांतरित पक्षी मरण पावले. त्याच जानेवारीत परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावी कोंबड्यांवर हे संकट आले. जानेवारी २०२५ मध्ये लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे कावळे मेले. कावळा काही परदेशाहून येत नाही. परंतु मेलेल्या जनावरांवर व टाकलेल्या मांसावर तो चोच मारतो. या साऱ्या घटनांचे महिने नीट पाहा. सगळे हिवाळ्याचेच आहेत!

शत्रूची वेळ ठाऊक असली, की पहारा कधी कडक ठेवावा हे कळते. याचसाठी अभ्यासक पक्ष्यांचे मार्ग चिकाटीने शोधत असतात. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने डॉ. सालिम अली यांच्या नेतृत्वाखाली १९५९ पासून हजारो पक्ष्यांच्या पायांत क्रमांकाची कडी घातली. पक्षी आपल्याबरोबर रोग वाहून नेतात काय, हाच त्या कामामागचा एक प्रश्न होता.

कोणी म्हणेल, “मग या पक्ष्यांना हाकलूनच का देऊ नये?” तसे करणे शहाणपणाचे नव्हे. बिथरलेला थवा फुटून दहा तळ्यांवर विखुरतो आणि त्याबरोबर रोगही विखुरतो. खरा उपाय म्हणजे रानातले पाणी आणि घरातले खुराडे यांत अंतर राखणे. पाळीव कोंबड्या-बदकांना हिवाळ्यात नदी-तळ्यावर मोकळे सोडू नये. खुराड्याला जाळी लावावी. त्यांचे दाणापाणी झाकून ठेवावे. खुराड्यात जाताना निराळ्या चपला वापराव्यात आणि बाहेर येताच साबणाने हात धुवावेत. मांस व अंडी पूर्ण शिजवूनच खावीत; ७० अंश सेल्सिअसपर्यंत आतून शिजलेल्या अन्नात हा विषाणू जगत नाही. माणसाला हा रोग क्वचितच होतो. परंतु झाला तर तो गंभीर ठरू शकतो. म्हणून काठावर मेलेला पक्षी दिसला, तर त्याला हात लावू नका, काठीनेही ढोसू नका. घरच्या वडीलधाऱ्यांना सांगा आणि त्यांच्याकरवी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. नवापूरसारखा प्रसंग आपल्या गावावर येऊ नये, यासाठी वेळीच दिलेली अशी एक वर्दीही मोलाची ठरते.

येत्या हिवाळ्यात मुळेच्या काठी किंवा पाषाणच्या तळ्यावर जाल, तेव्हा हे पाहुणे अवश्य पाहा. त्यांचे रंग, त्यांची डुबकी, त्यांचे उडणे वहीत टिपून ठेवा. मात्र जे काही पाहाल, ते काठावरून, दुरून पाहा. त्यातच त्यांचेही हित आहे आणि आपलेही.